घरी गाडी धुण्याचा तयार संच: काय वापरायचं, काय बाजूला ठेवायचं

‘कार वॉश किट’ म्हणून जे संच विकले जातात त्यांत साधारण तेच ते सामान असतं: शॅम्पूची बाटली, मोठा स्पंज, शामॉय (पाणी टिपायचं गुळगुळीत, चामड्यासारखं फडकं), पाणी निपटायची रबरी पट्टी, चाकांसाठी ब्रश, दोन-तीन मायक्रोफायबर फडकी, टायर आणि डॅशबोर्डचं पॉलिश, कधीकधी वॅक्सची डबी. आमचं मत आधीच सांगतो. शॅम्पू, फडकी आणि वॅक्स कामाचं आहे. ब्रश तपासून घ्यावा. स्पंज, शामॉय आणि रबरी पट्टी या तिन्ही वस्तू रंगाला लावूच नयेत. आणि सगळ्यांत गरजेची वस्तू, म्हणजे दुसरी बादली, संचात बहुधा नसतेच.

याचं कारण गाडीच्या रंगाच्या बनावटीत आहे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गाडीची चमक या थराची असते आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारी द्रव्यंही यातच असतात. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. असा एक कण फडक्याखाली सापडून पुढे ओढला गेला की चरा पडलाच. पॉलिशिंग करून चरे घालवता येतात, पण ते घालवायचे म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट उतरवायचा. उतरलेला थर परत येत नाही. म्हणून संचातली प्रत्येक वस्तू आम्ही एकाच प्रश्नावर तपासतो: ही वस्तू कण उचलून बाजूला करते की रंगावरून घासत नेते?

आपल्या गाडीवर आतापर्यंत काय झालंय ते पाहायचं असेल तर धुतलेलं बॉनेट सावलीत घ्या आणि मोबाइलचा टॉर्च वीतभर अंतरावरून त्यावर धरा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसली तर ते धुण्या-पुसण्याचे चरे आहेत. प्रत्यक्षात चरे गोल नसतात, सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे जाणारे तेवढे चमकतात, म्हणून गोल भासतात. काळ्या आणि गडद रंगावर ते लगेच दिसतात. पांढऱ्या गाडीवर दिसत नाहीत म्हणून पडत नाहीत असं समजू नये.

आता स्पंज. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, कणाला आत शिरायला जागा नसते. त्यामुळे कण स्पंज आणि रंग यांच्यामध्ये अडकतो आणि हात जिथे जाईल तिथे ओढला जातो. त्याऐवजी जाड, लांब झुपक्यांचा मायक्रोफायबर वॉश मिट, म्हणजे हातात घालून गाडी धुवायचा मोजा, घ्यावा. रंगावरचा कण झुपक्यांच्या मुळाशी जातो, पृष्ठभागापासून दूर राहतो आणि बादलीत खळबळला की सुटतो. लोकरीचा मिट याहून मऊ असतो, पण लवकर झिजतो आणि नीट वाळवला नाही तर त्याला वास धरतो. दोन मिट घ्यावेत: एक वरच्या भागासाठी, एक दारांच्या खालच्या पट्ट्यासाठी आणि बंपरसाठी. मिट जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद. पाण्यात एकदा बुडवून त्यातली वाळू निघत नाही.

दोन बादल्यांचं गणित सोपं आहे. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट आधी साध्या पाण्यात खळबळायचा, पिळायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. दोन्ही बादल्यांच्या तळाशी ग्रिट गार्ड, म्हणजे प्लास्टिकची जाळी बसवावी. ती तळापासून काही सेंटिमीटर वर राहते. मिट तिच्यावर घासला की वाळू खाली उतरते आणि जाळीखालचं पाणी शांत राहत असल्याने पुन्हा वर उसळत नाही. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याची बादली हळूच ओतून तळ पाहा. जो करडा गाळ दिसेल तो एकाच बादलीने धुतलं असतं तर पुन्हा पुन्हा रंगावर गेला असता. १२ ते १५ लिटरची बादली पुरते.

संचातला शॅम्पू बहुधा ठीक असतो, चुकतं ते प्रमाण. बाटलीवर १:५०० लिहिलं असेल तर १० लिटर पाण्याला २० मिलि लागतो. १:१००० असेल तर १० मिलि. झाकणाने मोजा, ओतू नका. जास्त शॅम्पूने गाडी जास्त स्वच्छ होत नाही, उलट काचांवर आणि रंगावर पातळ थर राहतो आणि तो धुवायला पाणी वाढतं. फेस किती येतो यावरही शॅम्पू जोखू नये. फेस आणणारी द्रव्यं वेगळी, घर्षण कमी करणारी वेगळी. बोटांच्या चिमटीत शॅम्पूचं पाणी चोळून पाहा, निसरडं लागलं पाहिजे. बाटलीवर पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, असं लिहिलेलं असावं. वॅक्स मिसळलेला शॅम्पू चालतो, पण वेगळ्या वॅक्सचं काम तो करत नाही.

भांड्यांच्या साबणाने एका धुण्यात रंग जात नाही, पण तो तेलकटपणा तोडण्यासाठीच केलेला असतो. गाडीवरचं वॅक्सही त्याला तेलकटच. वॅक्स उतरतं, रबर कोरडं पडतं आणि गाडीच्या शॅम्पूइतका निसरडेपणा मिळत नाही. कपड्यांची पावडर तर नकोच. ती अल्कलीयुक्त असते आणि तिचे न विरघळलेले दाणे थेट रंगावर घासले जातात.

धुवायला सुरुवात करण्याआधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. गरम असेल तर थांबा, नाहीतर शॅम्पू जागीच वाळतो. गाडी सावलीत घ्या, ऑटो वायपर बंद करा. चाकं आधी धुवा, कारण त्यांचे शिंतोडे धुतलेल्या दारांवर उडाले तर काम दुप्पट होतं. त्यांच्यासाठी तिसरी, जुनी बादली ठेवा.

चाकांच्या ब्रशबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. तंतू मनगटाच्या आतल्या बाजूवर घासले तर टोचता कामा नयेत, आणि ब्रशच्या टोकाला तारेचं पीळदार टोक उघडं नसावं. ते असलं की अलॉय चाकाच्या आतल्या कडा ओरबाडल्या जातात. चाकावरचा तपकिरी काळा थर ब्रेकच्या भुकटीचा असतो आणि त्यात लोखंडाचे कण असतात. साबणाने निघत नसेल तर आयर्न रिमूव्हर वापरावं. त्यात थायोग्लायकोलेट क्षार असतात, ते लोखंडाशी संयोग करतात आणि द्रव जांभळा होऊन ओघळू लागतो. चाक गार असावं, हातमोजे घालावेत, मोकळ्या हवेत काम करावं. वास उग्र असतो आणि तो टाळता येत नाही. तीन ते पाच मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुवावं. झटपट चमक देणारे काही व्हील क्लीनर हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुओराइडवर बेतलेले असतात. बाटलीवर ही नावं दिसली तर घरात आणूच नका. ते त्वचेतून आत उतरून गंभीर इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

चाकांनंतर संपूर्ण गाडीवर नुसतं पाणी, वरून खाली. या पायरीवर लोक घाई करतात आणि चरे इथूनच सुरू होतात. जितकी धूळ हात न लावता निघेल तितकी काढायची. चाकांवरच्या मडगार्डच्या पोकळीत आणि दारांच्या खालच्या कडेला जास्त वेळ द्या. वायपरखालच्या जाळीतली पानं हाताने काढा; ती कुजली की पाण्याची वाट अडते आणि पाणी आत शिरतं.

प्रेशर वॉशर असेल तर उत्तम, मात्र खोक्यावरचा बारचा, म्हणजे पाण्याच्या दाबाचा, आकडा पाहून भुलू नका. तो बहुधा कमाल दाब असतो, प्रत्यक्ष काम करतानाचा नव्हे. गाडीला १०० ते १३० बारचं घरगुती यंत्र पुरेसं आहे. नोझल ४० अंशांचं, म्हणजे बहुतेक संचांत पांढऱ्या रंगाचं, आणि अंतर निदान ३० सेंटिमीटर. लाल रंगाचं शून्य अंशाचं आणि फिरत्या धारेचं नोझल गाडीसाठी नाही. जिथे दगड लागून रंगाचा टवका आधीच उडालाय तिथे जवळून धार मारली तर टवक्याच्या कडेने रंग सोलून निघतो. स्टिकरच्या आणि पीपीएफच्या (रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मच्या) कडा, टायरच्या बाजू, रेडिएटरचे पातळ पत्रे, कॅमेरे, सेन्सर आणि दारांची रबरं यांच्यावर थेट धार नको. बॉनेट उघडून इंजिनवर तर मुळीच नको. तिथे ओलसर फडकं आणि ब्रश पुरतो. विजेची गाडी चार्जिंगला लावलेली असताना धुऊ नये.

फोम कॅनन, म्हणजे प्रेशर वॉशरला लावून गाडीवर दाट फेस मारायची बाटली, संचात नसतो, पण घेण्यासारखा आहे. एक लिटरच्या बाटलीत बहुधा १०० मिलि फोम शॅम्पू आणि ९०० मिलि पाणी, उत्पादकाचं प्रमाण वेगळं असेल तर ते. फेस पातळ पडत असेल तर शॅम्पू वाढवण्याआधी आतलं छिद्र तपासा. बऱ्याच कॅननमध्ये ते १.२५ मिमीचं येतं, आणि मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी देणाऱ्या लहान यंत्राला १.१ मिमीचं जास्त चांगलं जमतं. ते बदलायला एक पाना आणि थोडा वेळ लागतो, आणि फरक लगेच दिसतो. फेस तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, गाडी खालून वर नीट भिजलीय ना ते पाहून धुवायचा. फेसाने सुटी घाण सैल होते आणि ओघळून जाते. रस्त्याच्या धुराचा चिकट पडदा मात्र मागे राहतो, त्यासाठी मिट लागतोच. बागेच्या पाइपला लावायची फोम गन पातळ फेस देते, तरी भिजवण्यापुरती उपयोगी आहे.

मग मिट. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यांत शेवटी बंपर आणि दारांचा खालचा पट्टा. एक पॅनेल झालं की मिट साध्या पाण्यात, जाळीवर घासून, पिळून, मग शॅम्पूत. मिटचं स्वतःचं वजन पुरतं, हाताने दाबायचं नाही. हात सरळ रेषेत, गाडीच्या लांबीने फिरवायचा. कुठे डाग राहिलाच तर घासण्यापेक्षा त्यावर पुन्हा शॅम्पूचं पाणी ओतून थांबा. साधं पाणी गढूळ झालं की बदला, अर्ध्यावर असलात तरी.

शेवटचं पाणी सोडताना पाइपचं नोझल काढून टाका आणि टपावरून मंद धार सोडा. पाणी थेंबाथेंबाने न राहता चादरीसारखं घसरतं आणि पुसायला फारच थोडं उरतं. यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही.

शामॉयबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण अनेक जण ते चांगलं साधन समजतात. पाणी ते पटकन शोषतं, हे खरं. पण त्याला लव नसते. धुताना सुटलेला एखादा कण राहिला असेल तर तो स्पंजसारखाच रंगावरून ओढला जातो, आणि ओलं शामॉय रंगाला चिकटत असल्याने दाबही जास्त पडतो. रबरी पट्टीचं काम याहून वाईट: तिची धार एका कणाला पूर्ण पॅनेलभर नेते. ती घरच्या काचांना वापरा. गाडीसाठी ६०० ते १२०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), पीळदार दोऱ्यांचा ड्राइंग टॉवेल घ्या. तो पसरून ठेवायचा आणि दोन टोकं धरून हळूच ओढायचा. आरसे, दारांच्या कड्या, इंधनाचं झाकण आणि दिव्यांच्या फटी यांतून पाणी नंतर ठिबकतं आणि ओघळाचे डाग सोडतं, म्हणून दारं आणि डिकी उघडून कडा दुसऱ्या जुन्या फडक्याने पुसा. ब्लोअर असेल तर या फटींसाठीच वापरा. धुतल्यावर गाडी थोडी चालवून ब्रेक हलके दाबून कोरडे करा. डिस्कवर हलका गंज दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो ब्रेक लावताच जातो.

संचातली फडकी साधारण पातळ असतात. आतली सफाई, काचा आणि वॅक्स पुसणं यांसाठी ती बरी, गाडी कोरडी करायला नाहीत. वापरण्याआधी शिवलेलं लेबल कापून टाका, त्याची कड चरे पाडते. ही फडकी सुती कपड्यांसोबत धुऊ नका, सुताचे तंतू त्यात अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून पाणी शोषणं कमी होतं. पाणी कोमट, ४० अंशांपर्यंत. गरम ड्रायर नको, पॉलिएस्टरचे तंतू तापून कडक होतात.

पाण्यात क्षार जास्त असतील तर थेंब वाळून पांढरी कडी उमटतात. ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची असतात, साबणाने जात नाहीत. ताज्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन मऊ फडक्याने एखादं मिनिट ओलं ठेवा, धुऊन टाका आणि शॅम्पूचा हात फिरवा. उन्हात बरेच दिवस राहिलेला डाग क्लिअर कोटमध्ये खड्डा करतो आणि मग पॉलिशशिवाय इलाज नसतो. शेवटच्या पाण्यासाठी डीआयोनाइज्ड फिल्टर, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारा फिल्टर, घेतला तर डाग पडतच नाहीत. त्यातलं क्षार धरणारं रेझिन संपत आलं की टीडीएस मीटरवरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा शून्यापासून चढू लागतो. वॉटर सॉफ्टनर ही वेगळी वस्तू आहे. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, म्हणून डाग पडतात, फक्त सहज पुसले जातात.

टायर पॉलिश बहुतेक संचांत तेलकट असतं. गाडी चालू झाली की ते उडून दारांवर ठिपके पडतात. लावायचंच असेल तर फडक्यावर थोडं घ्या, बाजूंना लावा, दहा मिनिटांनी जादा पुसा. जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागावर थेंबही नको. डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश आम्ही वापरूच नये असं म्हणू. त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि उन्हात रस्ता दिसायला त्रास होतो. स्टीअरिंग, पेडल आणि सीटवर ते धोकादायकच आहे. डॅशबोर्डला ओलसर मायक्रोफायबर आणि पाण्यावर आधारित, मॅट राहणारं क्लीनर. क्लीनर फडक्यावर फवारा, बटणांवर नाही. आतून फिल्म लावलेल्या काचांना अमोनियाचं क्लीनर चालत नाही.

पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि डांबर यांसाठी संचात काही नसतं. विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात काही तासांत खूण उमटवू शकते. ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवून उचलून घ्या, घासू नका. चिकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, डांबराला टार रिमूव्हर, आणि दोन्हींनंतर ती जागा धुऊन पुन्हा वॅक्स.

धुण्यांच्या मधल्या दिवसांत कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झाडणीने धूळ झटकणं हे सगळ्यांत जास्त चरे पाडतं. हलकी धूळ असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं द्रव, घ्या. साडेसात लिटर पाण्यात ३० मिलि, आणि सात-आठ फडकी चौपदरी घडी करून. प्रत्येक पॅनेलला घडीची नवी बाजू, आणि वापरलेलं फडकं परत बादलीत नाही. चिखल असेल त्या दिवशी मात्र हे करू नये.

वॅक्सची डबी ठेवून द्या, पण धुतल्यावर लगेच लावू नका. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून कोरड्या बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर वंगण फवारून. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा. क्लेनेही पुसट चरे पडू शकतात, म्हणून वर्षातून एक-दोनदा, गरज असेल तरच. वॅक्स जितकं पातळ तितकं चांगलं. कार्नोबा (झाडापासून मिळणारं नैसर्गिक वॅक्स) साधारण महिना-दोन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट काही महिने. मॅट रंगावर मात्र वॅक्स किंवा पॉलिश लावूच नका, चकाकीचे ठिपके पडतात आणि ते काढता येत नाहीत.

नव्याने घेणाऱ्याने तयार संचाऐवजी सुट्या वस्तू घ्याव्यात असं आमचं मत आहे: दोन बादल्या, दोन जाळ्या, दोन मिट, एक पीएच न्यूट्रल शॅम्पू, एक मोठा ड्राइंग टॉवेल. संच भेट म्हणून आला असेल किंवा आधीच घेतला असेल तर स्पंज चाकांच्या बादलीत टाका आणि त्याला पुन्हा रंगाजवळ आणू नका. संच निवडायचाच असेल तर त्यात मिट आहे का, टॉवेलचा जीएसएम छापलाय का आणि शॅम्पूच्या बाटलीवर प्रमाण लिहिलंय का, ते बघा. प्रमाणच छापलेलं नसेल तर तो संच घेऊ नका.